शेवटच्या पंगतीत कोण बसतं?

(युवा शिबिरात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “लग्न या विषयावर तीन भाषणं ठेवली आहेत. एक कायद्यावर, एक मेहर आणि हुंड्यावर. तिसरं तुम्ही करा, वलीम्याच्या नियोजनावर.” मी म्हटलं, मी मौलाना नाही, वकील नाही, केटरर तर नाहीच. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा माणूस आहे. ते म्हणाले, “म्हणूनच या. बाकीचे दोघं लग्न कसं असावं ते सांगतील. तुम्ही ते दुपारी साडेबाराला सुरू कसं करायचं ते सांगा.”

तुम्ही हसलात. म्हणजे आपल्याकडे साडेबारा म्हटल्यावर किती वाजतात, हे तुम्हाला माहीत आहे.

मी आज दोन वलीम्यांबद्दल बोलणार आहे. दोन्ही आमच्याच घरचे. पहिला माझ्या मोठ्या भावाचा, २०१३ सालचा. दुसरा माझा स्वतःचा, २०१८ सालचा. पहिला फसला. दुसरा बराचसा जमला, पण त्यातही एक चूक झाली. ती मी शेवटी सांगेन, कारण ती सांगायला मला अजून जड जातं.

भाईजानचा वलीमा

आम्ही मिरजेचे. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. भाईजान घरातला थोरला, त्यामुळे त्याचा वलीमा म्हणजे अब्बांच्या तीस वर्षांच्या व्यवहाराचा हिशोब. ज्यांच्या ज्यांच्या दावतीत आपण जेवलो, त्या सगळ्यांना बोलवायचं. कार्डावर वेळ छापली होती, ‘मगरीबनंतर’. हिवाळ्याचे दिवस, मगरीब सहाच्या सुमारास होते. पण मगरीबनंतर याचा अर्थ आपल्याकडे इशानंतर, आणि इशानंतर याचा अर्थ यजमानाची नजर जाईल तेव्हा.

हॉल रात्रीचा घेतला होता. त्यामुळे लायटिंग आली, जनरेटर आला, मोठं स्टेज आलं. अब्बांनी पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढलं. ते फेडायला साडेतीन वर्षं लागली. त्या काळात माझी धाकटी बहीण बारावीला होती आणि तिला हवा होता तो क्लास लावता आला नाही. लायटिंगचा आणि त्या क्लासचा संबंध तेव्हा आमच्या घरात कुणी बोलून दाखवला नाही. पण संबंध होता.

पहिली डेग सव्वानऊला उघडली. पुढच्या मोठ्या हॉलमध्ये पुरुषांचा दस्तरखान, एका वेळी १२० माणसं. मागच्या बाजूच्या छोट्या हॉलमध्ये बायकांचा, एका वेळी साठ. पुरुष अकरापर्यंत जेवून मोकळे झाले. बाहेर पान खात उभे राहिले. बायकांची शेवटची पंगत उठली तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. त्या पंगतीत कोण होतं? माझी अम्मी. माझ्या तीन खाला. भाभीची आई, म्हणजे ज्या समधिनीचा त्या दिवशी सगळ्यात जास्त मान, ती. आणि स्वतः भाभी, जी साडेसातपासून जड शरारा घालून स्टेजवर बसली होती. त्यांच्या वाट्याला डेगेच्या तळाचा भात आणि दालचा आला. बोटी नव्हतीच.

आणखी एक गोष्ट झाली. माझ्या मोठ्या फुफीला मधुमेह आहे. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. साडेनऊला कुणीतरी सांगितलं, “दस्तरखान लागतोय.” तिनं इन्सुलिन घेतलं. तेवढ्यात एक पुढारी पंचवीस कार्यकर्ते घेऊन आले. बायकांकडचे वाढपी पुरुषांकडे बोलावले गेले. आधीची पंगत लांबली, पुढची लागलीच नाही. दहा-सव्वादहाला फुफी घामानं भिजली, असंबद्ध बोलायला लागली. एका बाईला शंका आली, तिनं तिला सरबत पाजलं, साखर तोंडात घातली. मग आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अल्लाहच्या कृपेनं ती बरी आहे आणि आजही तो किस्सा हसत सांगते. पण मी रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. मला त्याचं हसू येत नाही.

चूक माणसाची की मांडणीची?

दुसऱ्या दिवशी घरात भांडण सुरू झालं. भटारी म्हणाला, तुम्ही माणसं कमी सांगितली. चाचा म्हणाले, वाढप्यांनी मोठे हात मारले. अब्बा गप्प बसले होते. अम्मी म्हणाली, “जाने दो, बायकांचं असंच असतं.”

तेव्हा मला नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. आमच्या कामात एखादी यंत्रणा रात्री बंद पडली की सकाळी बैठक बसते. तिला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो. तिचा नियम असा की कुणाची चूक हे विचारायचं नाही. कुठल्या मांडणीमुळे चांगल्या माणसांकडूनही चूक झाली, ते शोधायचं. मी तोच नियम घरच्या वलीम्याला लावून पाहिला, आणि उत्तर साध्या गुणाकारात सापडलं.

रांगांच्या अभ्यासात एक नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकानं १९६१ साली त्याची सिद्धता मांडली. दर मिनिटाला किती माणसं येतात आणि प्रत्येक माणूस आत किती मिनिटं राहतो, या दोन आकड्यांचा गुणाकार केला की एका वेळी आत किती माणसं असतील ते कळतं. आता बघा. गर्दीच्या वेळी बायकांकडे मिनिटाला पाच जणी येत होत्या. एका पंगतीला जेवायला पंचवीस मिनिटं, उष्टं काढून पुन्हा मांडायला दहा. एकूण पस्तीस. पाच गुणिले पस्तीस, १७५. म्हणजे कुणालाही ताटकळावं लागू नये यासाठी १७५ जणींची जागा हवी होती. आम्ही दिली होती साठ जणींना.

वाढपी कितीही भला असो, भटारी कितीही प्रामाणिक असो, साठच्या जागेत १७५ बसणार नाहीत. बायकांना रात्री पाऊण वाजता जेवायला मिळेल हे आम्ही हॉल ठरवला त्याच दिवशी ठरलं होतं. फक्त कुणी गुणाकार केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मागचा छोटा हॉल बायकांना, हे आम्ही ठरवलंसुद्धा नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं. सगळ्यांच्याच लग्नात तसंच असतं.

अम्मीचं ते वाक्य, “बायकांचं असंच असतं,” मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

दीन काय सांगतो?

तुमच्यातले काही म्हणतील, ही इंजिनिअरिंगची गोष्ट झाली, यात दीन कुठे आला? मी आलिम नाही, पण जे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय तेच सांगतो.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ मक्केहून हिजरत करून मदिनेला आले आणि तिथं त्यांनी निकाह केला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना वलीमा करायला सांगितलं, एक बकरी कापून का होईना. हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला तो खैबरहून परतताना, प्रवासात. त्या वलीम्यात ना रोटी होती ना गोश्त. जमिनीवर कातडी अंथरली, लोकांजवळ खजूर, सुकवलेलं दही, तूप जे होतं ते एकत्र केलं, आणि सगळ्यांनी खाल्लं. तो वलीमा कमी प्रतीचा होता असं कुणी म्हणू शकेल का?

आणि वेळेबद्दल तर थेट कुरआनात आयत आहे. सूरह अहजाब, आयत ५३. हजरत जैनब यांच्या वलीम्याला काही पाहुणे जेवून झाल्यावरही गप्पा मारत बसून राहिले. प्रेषितांना (स.) संकोच वाटत होता, उठा म्हणवेना. तेव्हा ही आयत उतरली असं सांगितलं जातं. तिचा आशय असा, की बोलावल्यावर या, स्वयंपाक होण्याची वाट पाहत आधीच येऊन बसू नका, आणि जेवण झाल्यावर गप्पांत न रमता निघा. म्हणजे दावतीला कधी यायचं आणि कधी निघायचं, हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच महत्त्वाचा मानला गेला. आपण मात्र कार्डावर ‘मगरीबनंतर’ छापतो.

आणखी एक हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, त्या जेवणाला सगळ्यात वाईट जेवण म्हटलंय. आपण गरिबांना बोलावतो, यात शंका नाही. पण कुठल्या पंगतीला बसवतो? बोलावून शेवटी बसवणं आणि न बोलावणं, यातलं अंतर फार नाही.

माझा वलीमा : यादी आणि वेळ

२०१८ साली माझं ठरलं. माझी पत्नी फार्मासिस्ट आहे. साखरपुड्यानंतर आम्ही दोघं फोनवर बोललो तेव्हा तिनं दोन अटी घातल्या. एक, माझ्या वडिलांनी कर्ज काढायचं नाही. दोन, मी चार तास स्टेजवर उपाशी बसणार नाही.

पहिली अट आधी. वलीमा ही मुलाच्या बाजूची जबाबदारी आहे. पण आपल्याकडे निकाहच्या दिवशी मुलीच्या बापानं बारातीला जेवण द्यायचं, अशी रीत पडली आहे, आणि बऱ्याचदा ते जेवण वलीम्याहून मोठं असतं. आम्ही ठरवलं, शनिवारी असरनंतर तिच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत निकाह. खजूर आणि चहा. आमच्याकडून पंधरा माणसं, तीन गाड्या. तिच्याकडचे जे पाहुणे असतील त्यांनी रविवारी वलीम्याला यायचं, आमचे पाहुणे म्हणून. तिच्या अब्बांना हे पटायला महिना लागला. त्यांना वाटायचं, लोक म्हणतील मुलीला असंच काढून दिलं. शेवटी तीच त्यांना म्हणाली, “अब्बा, लोक एक दिवस बोलतील. हप्ता तुम्हाला पाच वर्षं भरावा लागेल.”

मग यादी. अब्बांनी वहीत १,१०० नावं लिहिली. मी लॅपटॉपवर तक्ता उघडून बसलो, आणि आमचं जोरात वाजलं. मी म्हणालो, यातल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नाही. अब्बा म्हणाले, “तू ओळखत नाहीस, मी ओळखतो. तुझ्या दादांच्या मय्यतीला ही माणसं रात्री दोन वाजता आली होती.”

मित्रांनो, साधेपणाचं भाषण करणं सोपं असतं. पण बापाच्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे कुणीतरी कधीतरी केलेली मदत असते. ती यादी कात्रीनं कापायची नसते. आम्ही तीन रविवार बसलो. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहिला : या माणसाला जेवायला बोलवायचंय, की आपली खुशी त्याच्यापर्यंत पोहोचवायचीय? दुसऱ्या प्रकारातल्या घरी अब्बा आणि मी निकाहनंतरच्या दोन आठवड्यांत मिठाई घेऊन गेलो. कुणीही रागावलं नाही. उलट अनेक जण म्हणाले, घरी आलात, बसलात, हे दावतीपेक्षा बरं झालं. जेवायला उरली ६४० माणसं. तीनशे पुरुष, २२० बायका, १२० मुलं.

वेळ आम्ही दुपारची घेतली, साडेबारा ते चार. यानं बरेच प्रश्न आपोआप सुटले. लायटिंग नाही, जनरेटर नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगावचे पाहुणे उजेडात घरी पोहोचले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा २००० सालच्या नियमांचा मुद्दाच उरला नाही, आणि शेजाऱ्यांची झोप मोडली नाही. कार्डावर छापलं : ‘जेवण दुपारी १२.३० ते ३. नवरा-नवरी पहिल्या पंगतीत आपल्यासोबत जेवतील.’

हे वाक्य माझ्या पत्नीनं सुचवलं होतं, तिच्या दुसऱ्या अटीसाठी. पण त्याचा उपयोग तिच्या कल्पनेपेक्षा जास्त झाला. लोक उशिरा येतात ते आळशी आहेत म्हणून नव्हे. सगळे उशिरा येणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून येतात. लवकर येणारा बिचारा रिकाम्या खुर्च्या मोजत बसतो. पहिल्या पंगतीला काहीतरी कारण दिलं की ती भरते. शिवाय माझ्या खालांनी ऐंशी माणसांना स्वतः फोन करून साडेबाराचं वचन घेतलं. खालाला दिलेलं वचन मोडायची कुणाची हिंमत होत नाही.

जागा आणि डेग

जागा ठरवताना आम्ही आधी बायकांची संख्या लिहिली. बायका आणि मुलं मिळून ३४०, दोन तासांत, म्हणजे मिनिटाला साधारण तीन. तीन गुणिले पस्तीस, १०५. म्हणून मोठा हॉल बायकांना, १२० जागांचा. पुरुष ३००, अडीच तासांत, मिनिटाला दोन. दोन गुणिले पस्तीस, सत्तर. त्यांच्यासाठी बाहेर मांडव, ऐंशी जागांचा. चाचा भडकले. “मर्दां मांडव में बैठेंगे?” मी त्यांना कागदावर गुणाकार दाखवला. ते म्हणाले, “हिसाब बरोबर आहे, पण बरं दिसत नाही.” मग अम्मी बोलली. ती म्हणाली, “भाईजान, मागच्या वेळी मी पाऊण वाजता जेवले ते बरं दिसलं होतं का?” पाच वर्षांत ती त्या रात्रीबद्दल पहिल्यांदा बोलली. चाचांनी कागद खाली ठेवला.

हॉलच्या एका टोकाला चाळीस खुर्च्या टेबलांसह लावल्या. ज्यांना नवरा, बायको, मुलं असं एकत्र बसून जेवायचंय त्यांच्यासाठी, आणि ज्या वयस्कर बायकांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. माझ्या फुफीचं ताट तिथं साडेबाराला वाढलं गेलं. हे काम एका चुलत बहिणीकडे नावानिशी दिलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या, गरोदर आणि तान्ही मुलं असलेल्या बायकांची यादी तिच्या हातात होती, एकूण एकोणीस नावं. त्यांना पंगतीची वाट पाहायची नव्हती.

आता जेवण. तीनच पदार्थ : बिर्याणी, दालचा, जर्दा. सोबत दही-कांदा. भटाऱ्याचा हिशोब असा की एक किलो तांदळात दहा माणसं जेवतात, मुलं अर्धी धरायची. म्हणजे ५२० मोठी आणि साठ, एकूण ५८०. अठ्ठावन्न किलो. दहा टक्के वाढवून चौसष्ट. सोळा किलोच्या चार डेगा. इथपर्यंत कुठलाही भटारी तुम्हाला सांगेल.

आमची सूचना पुढची होती. दोन डेगा बायकांच्या, दोन पुरुषांच्या. खडूनं डेगेवर लिहायचं. बायकांच्या डेगेला पुरुषांच्या बाजूच्या वाढप्यानं हात लावायचा नाही, कुणीही पुढारी आला तरी. आणि चारही डेगा एकदम उघडायच्या नाहीत. पहिली साडेबाराला, दुसरी दीडच्या सुमारास. भटारी आधी नाराज झाला, कारण मग त्याला दोन टप्प्यांत दम द्यावा लागत होता. पण एका डेगेत वरच्या माणसाला बोटी आणि खालच्याला भात, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटच्या पंगतीला ताजी डेग मिळाली की तिलाही बोट्या मिळतात, इतकं ते सोपं आहे. भटाऱ्यानंच मग एक गोष्ट सांगितली : वाढताना डेगेच्या मधून उकरू नका, एका कडेनं खालपर्यंत काढत या. म्हणजे प्रत्येक परातीत सगळे थर येतात.

शाकाहारी पाहुण्यांबद्दल दोन वाक्यं. अब्बांचे वर्कशॉपमधले सोबती, माझे कॉलेजचे मित्र, शेजारचं जैन कुटुंब, असे साठ जण होते. ते या ६४० मध्येच धरले होते, म्हणजे बिर्याणीत थोडी जास्तीची सोय राहिली. अशा पाहुण्यांसाठी आपण शेजारच्या चुलीवर पुलाव शिजवतो आणि तोच पळा दोन्हीकडे फिरतो. ते बोलत नाहीत, पण जेवतही नाहीत. आईस्क्रीम खाऊन जातात. आम्ही गावातल्या एका महिला बचत गटाला त्यांचं जेवण दिलं. त्यांनी त्यांच्याच भांड्यांत मसालेभात, भरलं वांगं, पोळ्या आणल्या आणि स्वतः वाढल्या. अब्बांचे एक सोबती, पस्तीस वर्षं अब्बांसोबत काम केलेले, आमच्याकडे पहिल्यांदाच पोटभर जेवले.

सगळ्या दिवसाचं घड्याळ आम्ही माझ्या एका मित्राच्या हातात दिलं. घरचा माणूस हे काम करू शकत नाही, त्याला प्रत्येक पाहुणा मिठी मारतो. मित्राकडे एक कागद होता, एका पानाचा. जोहरच्या जमातीसाठी पुरुष सव्वा ते पावणेदोन मशिदीत जाणार, तेव्हा मांडवातले वाढपी बायकांकडे पाठवायचे, हेही त्यात होतं. २०१३ साली वाढपी बायकांकडून पुरुषांकडे गेले होते. या वेळी उलटे गेले.

पहिली पंगत साडेबाराऐवजी बाराचाळीसला बसली. माझी पत्नी तिच्या आईशेजारी बसून जेवली. पावणेतीनला बायकांची शेवटची पंगत उठली. अम्मी दुसऱ्या पंगतीत जेवली होती.

विसरलेली नऊ माणसं

आता ती चूक.

सव्वाचारला हॉल रिकामा झाला. मी भटाऱ्याचा हिशोब द्यायला मागे गेलो. तिथं वाढपी मुलं पायऱ्यांवर बसली होती. नऊ जण, कॉलेजात जाणारी, रविवारी वाढायचं काम करणारी. त्यातला एक, सतरा-अठरा वर्षांचा असेल, मला म्हणाला, “साब, हमारा खाना?”

मी मित्राकडचा कागद काढून पाहिला. त्यात एकोणीस आजारी बायकांची नावं होती. ड्रायव्हर होते. बचत गटाच्या बायका होत्या. बँड नव्हता, नाहीतर तोही असता. सकाळी नऊपासून उभी असलेली ही नऊ मुलं नव्हती. त्यांच्यासाठी वेळ नव्हता, जागा नव्हती. डेगेत बिर्याणी होती, ती मिळाली. पण दालचा संपला होता आणि जर्दा तर केव्हाच. ती मुलं सवयीनं परातीतच हात घालणार होती. मी त्यांना हॉलमध्ये बसवलं, अब्बा आणि मी वाढलं. पण ते सव्वाचारला. इतकं सगळं मोजणारा मी, ज्यांच्या हातानं ते जेवण वाढलं गेलं त्यांनाच मोजायला विसरलो.

तेव्हा मला अब्बांचा २०१३ मधला गप्प चेहरा समजला. त्यांनीही अम्मीला मुद्दाम उपाशी ठेवलं नव्हतं. ती रोजच शेवटी जेवायची, म्हणून ती त्यांना दिसलीच नाही. मला ती मुलं दिसली नाहीत, तशीच.

तीन कामं

२०२० च्या मे महिन्यात लग्नाला पन्नासच माणसं अशी मर्यादा आली. त्या काळात माझ्या मामेबहिणीचं लग्न घराच्या गच्चीवर झालं. खाना घरी शिजला, सगळे एकाच वेळी बसले, शेवटची पंगत अशी राहिलीच नाही. कुणाचंही नाक कापलं गेलं नाही. मर्यादा उठली आणि आपण पुन्हा हॉल शोधायला लागलो. माझं म्हणणं असं नाही की प्रत्येकानं पन्नासच बोलवा. सहाशे बोलवा, ऐपत असेल आणि कर्ज नसेल तर हजार बोलवा. पण मग हजारांची जबाबदारी घ्या.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं येत्या पाच-सात वर्षांत होतील. भावाबहिणींची त्याआधी होतील. तेव्हा तीन कामं करा.

पहिलं, कार्डावर जेवणाची वेळ घड्याळातली छापा आणि ती पाळा. उशिरा येणाऱ्याला जेवायला घाला, पण वेळेवर आलेल्याला त्याच्यासाठी थांबवू नका.

दुसरं, हॉल ठरवायला जाल तेव्हा बायकांची संख्या आधी मोजा, आणि जायला घरातली एक बाई सोबत न्या. मिनिटाला किती येणार गुणिले पस्तीस. मोबाइलवर होतो हा हिशोब. आकडा जागेपेक्षा मोठा आला तर वेळ वाढवा, नाहीतर जागा बदला.

तिसरं, नियोजनाचा कागद पूर्ण झाला की सगळ्यात खाली एक ओळ लिहा : शेवटी कोण जेवणार, किती वाजता, आणि त्याच्या ताटात काय असेल? या ओळीचं उत्तर येत नसेल तर कागद अजून पूर्ण झालेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. तो कागद तिनं स्वतः केला. मी पाहिला. पहिल्या पंगतीच्याही आधी एक ओळ होती : ‘सकाळी ११.४५. वाढपी, भटारी आणि त्यांची माणसं. हॉलमध्ये बसून.’ त्या दिवशी दस्तरखानवर सगळ्यात आधी ती बसली.

आता बाहेर जेवणाची सोय आहे असं संयोजकांनी सांगितलंय. वाढणारे जेवलेत का, ते जाता जाता विचारून बघा.

खुदा हाफिज.